घासाघासाला अंगुस्तान

आईनं खाणं सोडलं तेव्हा बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. सोडलं म्हणणंही तसं बरोबर नाही. सोडायचं तर आधी ठरवावं लागतं, आणि विसरण्याच्या आजारात आईचं ठरवणं संपल्याला चार वर्षं होऊन गेली होती. समोर वाटी धरली की ती वाटीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि ओठ मिटून घ्यायची. बळेच घातलेला घास गालात धरून बसायची. तासाभरानं तानुबाई तो बोट घालून बाहेर काढायची.

तानुबाई आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ येते. आईची आंघोळ, वेणी, कपडे तिच्याकडे. खाऊ घालणं मात्र बाबांनी कधी कुणाकडे दिलं नव्हतं.

"काकू अशी नाई खात, ताई," ती मला म्हणाली. "मास्तर टोपी गायब करत. मंग काकू तोंड उघडे."

"प्रत्येक घासाला?"

"हाव. घासाघासाला. मले तं पाहूनच थकवा ये."

टोपी म्हणजे अंगुस्तान. सुई ढकलताना टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती पितळी टोपी. माझे वडील उकंडराव टेलर. मेहकरात त्यांचं दुकान बेचाळीस वर्षं होतं आणि गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मास्तरांना जादूचा एकच खेळ येत होता. अंगुस्तान बोटावर दिसायचं, हात हलायचा, बोट रिकामं व्हायचं. मग ते कानामागून निघायचं, नाहीतर कॉलरखालून. माप द्यायला घाबरणारी पोरं त्यामुळे उभी राहायची. आई आजारी पडल्यावर तोच खेळ दुकानातून घरात आला.

मी तो शेवटचा पाहिला दिवाळीत. मी बुलढाण्याला एका कॉलेजात मराठी शिकवते, सणावारी येते. बाबा आईसमोर पाटावर बसले होते, मांडीवर दूधभाकरीची वाटी. अंगुस्तान गायब झालं, आईचं तोंड उघडलं, बाबांनी चमचा आत घातला. पुन्हा गायब, पुन्हा चमचा. मी दारात उभी राहून बघत होते आणि शेवटी म्हणाले, "बाबा, तिला असं फसवून खाऊ घालू नका. तिचा काही मान राहत नाही."

त्यांनी माझ्याकडे न बघता चमचा पुसला. "फसवून नाई राह्यलो वो पुष्पे. तिले मजा येते."

मी त्या वेळी त्यांचे हात पाहिले नाहीत. मी आईचं उघडं तोंड बघत होते आणि मला लाज वाटत होती.

मेहकरच्या डॉक्टरांनी आईला काट्यावर उभं केलं. अडतीस किलो. ते म्हणाले, महिना-दीड महिना बघू. तोवर खायला लागली तर ठीक, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातली की अशी माणसं ती ओढून काढतात, मग त्यांचे हात बांधावे लागतात, हेही त्यांनी सांगितलं. त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं. मी घरी आल्यावर आईच्या हातांकडे पाहिलं. तिनं आयुष्यभर बाबांच्या दुकानाची काजं केली, बटणं लावली, तुरपाई केली. ते हात आता दिवसभर पदराचा काठ चाचपत असायचे. ते बांधायचे, हे मला मनातही आणता येईना.

म्हणून मी कॉलेजातली रजा वाढवली आणि तो खेळ शिकायचं ठरवलं.

मला जे येतं तेच मी केलं. यादी केली. नवा विषय घ्यायचा तर त्यावर कायकाय लिहिलं गेलंय ते आधी बघायचं, मग त्यातलं उत्तम निवडायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. बसस्थानकावरच्या स्टॉलवरून जादूच्या खेळांचं पातळ पुस्तक आणलं. त्यात दुहेरी बुडाचा पेला होता, काळा दोरा होता, लिंबातून निघणारं रक्त होतं. अंगुस्तान नव्हतं. मग इंटरनेटवर शोधलं. हातचलाखी शिकणाऱ्यांच्या एका गटात मी विचारलं की अगदी नवख्या माणसानं कोणतं पुस्तक घ्यावं. चाळीस उत्तरं आली. अमुक पुस्तकाशिवाय तरणोपाय नाही असं एकानं लिहिलं, त्याच पुस्तकानं नवखा माणूस कायमचा बिघडतो असं दुसऱ्यानं. तिसऱ्याचं म्हणणं की पुस्तकं जाळा, व्हिडिओ बघा. चौथा म्हणाला, आधी दोन वर्षं पत्ते हाताळा. त्यांची आपसात जुंपली आणि माझा प्रश्न मागे पडला. प्रेक्षक कोण, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सगळ्यात जास्त भांडण ज्या पुस्तकावरून झालं तेच मी मागवलं. इंग्रजी, जाडजूड, रेघांच्या चित्रांचं. यायला नऊ दिवस लागले. तोवर मी व्हिडिओ बघितले. बारा माणसं होती. प्रत्येकाचा हात सुरेख होता आणि प्रत्येक जण शेवटी काहीतरी विकत होता. त्यांचा उजवा हात पडद्यावर डावा दिसायचा, की डावा उजवा, याचाच मला उलगडा व्हायला दोन दिवस लागले.

पुस्तक आलं आणि मी त्यात हरवले. हे कबूल करायला हवं. पहिले चार भाग आश्चर्य म्हणजे काय यावर होते. माणसाची नजर कुठे जाते, कशामुळे जाते, दिसलेल्या आणि न दिसलेल्या गोष्टींची मनात कशी सांधेजोड होते. मी पेन्सिलीनं खुणा करत वाचत होते. कितीतरी महिन्यांत इतकं चांगलं काही वाचलं नव्हतं. आई शेजारच्या खाटेवर पदर चाचपत असायची आणि मी दोनशे पानं वाचली. तोवर अंगुस्तान मी एकदाही बोटात घातलेलं नव्हतं.

"परीक्षा हाये काय?" तानुबाईनं विचारलं.

"शिकतेय. बाबांचा खेळ."

"वाचून?"

तिनं आईच्या गालातला भात काढला आणि बोट पदराला पुसलं.

आईचं वजन छत्तीस झालं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि देऊळगाव राजाला गेले. सिंदखेड राजाला बस बदलावी लागली. तिथे जादूगार हरिओम राहतात, असं दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. त्यांचा कोट बाबांनी एकदा उसवून पुन्हा शिवून दिला होता म्हणे. हरिओम साठीचे, बारीक, रंगवलेल्या मिशांचे. शाळांतून, लग्नांतून, बालाजीच्या यात्रेत खेळ करायचे. आता मंडपाचं सामान भाड्यानं देतात. अंगणभर लाल खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या.

"काय काय घेतलं शिकायला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"दुकान टाकायचं हाय का ताई? शिकणाऱ्याचा पहिला आजार हाच असतो बघा. सामान गोळा करतो. पार्सल आलं का वाटतं, विद्याच आली घरात."

"तुम्ही कशावरून शिकलात?"

"एका बुवाच्या पेट्या उचलून. दोन साल उचलल्या. त्यानं शिकवलं काहीच नाही, शिव्या तेवढ्या दिल्या. मी त्याच्या मागून बघायचो. पुढून बघणाऱ्याला जादू दिसती, मागून बघणाऱ्याला काम दिसतं." त्यांनी चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. "दाखवायचं कुणाला?"

"आईला."

"एकदाच?"

"रोज. दिवसातून दोनदा. एका जेवणाला वीस-पंचवीस वेळा."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "ताई, आम्ही एका गावात तोच खेळ दुसऱ्यांदा करत नाही. दुसऱ्यांदा माणूस खेळ बघत नाही, चोरी पकडायला बसतो."

"तिला आधीचं आठवत नाही. मिनिटभरापूर्वीचंही नाही."

"काहीच?"

"काहीच."

"आयला, असा प्रेक्षक मला जन्मात भेटला नाही," ते म्हणाले, आणि लगेच कानाच्या पाळीला हात लावला. "माफ करा. तोंडातून गेलं."

मला राग आला नव्हता. बाबांना ते वाक्य आवडलं असतं.

मग त्यांनी मी सोबत नेलेल्या पुस्तकातलं पान बघितलं, चित्रावरून बोट फिरवलं. "हे बरोबर हाय. अंगुस्तान बोटाच्या शेंड्यावर. हात हलताना बोट मिटायचं, अंगठ्याच्या बेचक्यात ते धरायचं, बोट पुन्हा सरळ. मोठ्या हालचालीत बारकी हालचाल लपती. एवढंच. मी अंगुस्तान कधी केलं नाही, माझं रुपया आणि दोरी. पण रीत तीच." त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "मास्तर कोणत्या बोटात घालायचे?"

"पहिल्या," मी म्हणाले आणि तर्जनी पुढे केली.

मला आठवावंही लागलं नाही. पुस्तकात तर्जनी होती, बाराच्या बारा व्हिडिओंत तर्जनी होती. हरिओमनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. शिंप्याच्या मुलीला ते कशाला विचारतील.

"मग हे एकच पान धरा," ते म्हणाले. "फोन बंद. बाकीची पुस्तकं माळ्यावर. आणि हाताकडे बघू नका, आरशात बघा."

मी तसंच केलं. बाबांच्या दुकानातला, गिऱ्हाइकांसाठीचा उभा आरसा घरी आणला. दुपारी आई डुलक्या घेत असायची तेव्हा त्याच्यासमोर बसायचे. अंगुस्तान पडायचं, फरशीवर वाजायचं, आई दचकून उठायची. मग मी खाली गोधडी अंथरली. आठ दिवसांनी ते अंगठ्याच्या बेचक्यात राहायला लागलं. पंधरा दिवसांनी आरशातल्या बाईनं लपवलेलं अंगुस्तान मला दिसेनासं झालं. या दिवसांत आई चमच्यानं घोट-घोट दूध घ्यायची, तेही अर्धं हनुवटीवरून खाली. पस्तीस किलो. डॉक्टरांनी दिलेला महिना संपून वर सहा दिवस झाले होते.

पहिल्यांदा केलं ते सकाळी. तानुबाई वेणी घालत होती. मी आईसमोर पाटावर बसले, तर्जनीवर अंगुस्तान दाखवलं, हात फिरवला, बोट रिकामं.

"बाप्पा!" तानुबाईच्या हातातून वेणी सुटली. "गेली कुठं टोपी? मास्तरांपेक्षा भारी झालं, ताई. त्यांची तं मले कधी कधी दिसे."

आई माझ्या हाताकडे बघत होती. तोंड मिटलेलं. मी पुन्हा केलं. सावकाश केलं, जलद केलं, कानामागून काढलं, वाटीखालून काढलं. आई हाताकडे बघत राहिली, शांतपणे, एखाद्या रिकाम्या भिंतीकडे बघावं तशी. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मी चुकत नव्हते. हे मला त्या दिवसांत सगळ्यात जड गेलं. चुकत असते तर सुधारता आलं असतं.

"माणूस बदलला ना," तानुबाई म्हणाली. "त्यायच्याच हातानं खायची सवय. तुम्ही काय करसान."

पाचव्या दिवशी मी हात आईच्या मांडीवर तसाच ठेवून बसले होते, खेळ न करता. अंगुस्तान तर्जनीत होतं. आईनं माझा हात घेतला. तर्जनीवरून अंगुस्तान ओढून काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या मधल्या बोटात घातलं. नीट खालपर्यंत दाबलं. मग ते बोट पहिल्या पेरात थोडंसं वाकवलं, सुई ढकलायला वाकवतात तसं.

"हं," ती म्हणाली.

शिंपी अंगुस्तान मधल्या बोटात घालतात. सुई अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असते, मधलं बोट तिला मागून रेटतं. तर्जनीत अंगुस्तान घातलं तर शिवताच येणार नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी मी बाबांच्या पायाशी बसून चिंध्यांना बटणं लावली आहेत, मधल्या बोटात मोठं होणारं त्यांचं अंगुस्तान घालून. आई इतके दिवस माझ्या मधल्या बोटाकडे बघत होती. तिथे सुरुवातीपासून काही नव्हतं, त्यामुळे काही गायबही झालं नव्हतं.

मी पुस्तक काढलं. अंगुस्तानाच्या सगळ्या प्रकरणात तर्जनी. व्हिडिओ पुन्हा पाहिले. तर्जनी. ती सगळी माणसं जादूगार होती, त्यांतल्या एकालाही कधी काही शिवायचं नव्हतं.

हरिओमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मधल्या बोटाचं मला माहीत नाही, ताई. ते मास्तरांनी त्यांचं त्यांनी बसवलं असंल. बोट लांब, वळण वेगळं."

"जमेल मला?"

"जमंल की. पण आता तुमच्या हाताला पहिल्या बोटाचं वळण पडलंय. ते आधी मोडावं लागंल, आणि ते घडवण्यापेक्षा अवघड असतं." पलीकडे खुर्च्या एकात एक घातल्याचा आवाज आला. "काहीच शिकला नसता तर लवकर आलं असतं. खोटं कशाला सांगू."

मी पुन्हा गोधडी अंथरली. मधलं बोट मिटायला घेतलं की तर्जनी आपोआप मिटायची. मी तर्जनी चिकटपट्टीनं पेन्सिलीला बांधून ठेवली. अंगुस्तान बेचक्यात पोचायचं, पण तिरकं बसायचं आणि चकाकायचं. बाबांनी हे कसं केलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि ज्यानं रोज पन्नासदा माझ्या डोळ्यांसमोर केलं असतं, त्याला मी दिवाळीत गप्प बसवलं होतं. हा माणूस मागून बघू देणारा होता. विचारलं असतं तर त्यांनी हात धरून दाखवलं असतं, वर कौतुकही केलं असतं की पोरीला अखेर शिंपीकाम आवडलं.

बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी आईला ताप आला. श्वासात घरघर होती. मेहकरच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि बुलढाण्याला न्यायला सांगितलं. गालात धरलेले घास, हनुवटीवरून ओघळलेलं दूध, यांतलं थोडं थोडं गेले कित्येक दिवस श्वासाच्या वाटेनं आत जात होतं. मी ज्याला खाऊ घालणं म्हणत होते ते हे होतं.

बुलढाण्यात आम्ही अकरा दिवस राहिलो. दुसऱ्याच दिवशी नाकातून नळी घातली. तिसऱ्या दिवशी आईनं ती ओढली. मग हात बांधले. नर्स तरुण होती, तिनं पट्टीच्या आत कापूस घातला, गाठ सैल ठेवली. आईची बोटं चादरीवर काहीतरी चाचपत राहिली. मी तिच्या उशाशी स्टुलावर बसून असायचे. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून अंगुस्तान पर्समधून काढलं. वाचायला काही नेलं नव्हतं. आरसा नव्हता. हाताकडे न बघता, खिडकीबाहेर बघत, मी ते करत राहिले. कोणत्या दिवशी जमलं ते मला सांगता येणार नाही. एकदा सलाईन बदलायला आलेल्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी होतं ना तुमच्या बोटात?"

घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर सगळं लिहून दिलं. नळीतून किती, किती वेळानं, डोकं किती उंच. तोंडातून काहीही नाही, यापुढे कधीच. पाण्याचा चमचासुद्धा नाही. गिळण्याची क्रियाच राहिली नव्हती. ओठ सुकले तर ओल्या कापसानं पुसायचे.

वैशाख लागला होता. दुपारी कूलर लावून मी आईची खाट खिडकीपासून आत ओढली. तानुबाईनं नळीतून पेज दिली, भांडं विसळलं आणि आईचे हात थोडा वेळ मोकळे केले. तानुबाई एक मनगट धरून बसली, मी दुसरं. आईनं माझ्या मोकळ्या हाताकडे पाहिलं.

मी करायला नको होतं. पण अंगुस्तान हातात होतं, मधल्या बोटात होतं, आणि हात आपणहून हलला.

आईची नजर बोटाच्या शेंड्यावर गेली. बोट रिकामं होतं. तिच्या भुवया वर चढल्या, डोळे मोठे झाले, आणि तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. खालचे दोन दात, कोरडी जीभ. ती माझ्याकडे बघत होती आणि वाट पाहत होती.

"माय वो," तानुबाई हळूच म्हणाली.

मी ओला कापूस घेतला आणि ओठांवरून फिरवला. आईनं जीभ पुढे करून तो चाटायचा प्रयत्न केला, म्हणून मला तो काढून घ्यावा लागला. तोंड उघडंच होतं. मी तिला सांगितलं की आई, मिट आता. माझ्या हनुवटीला हात लावून, मिटून दाखवलं. ती बघत राहिली.

"ताई, नका दाखवू तिले परत," तानुबाई म्हणाली. "आशेनं पाहून राह्यली ते."

"नाही दाखवत," मी म्हणाले.

बऱ्याच वेळानं आईचं तोंड आपोआप मिटलं. मग आम्ही तिचे हात पुन्हा बांधले, एक तानुबाईनं, एक मी.